परभणी जिल्ह्यातील भीतीचे राजकारण

परभणी जिल्ह्याच्या राजकारणात भीती आणि द्वेष यांचा जाणूनबुजून केलेला वापर १९३८ च्या सुमारापासून आजपर्यंत वेगवेगळ्या रूपांत दिसतो. रझाकारांचा अंमल, १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतरचे सूडसत्र, १९७८ ची मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराविरुद्धची दंगल आणि १९८५ नंतरचे निवडणुकीचे राजकारण हे त्याचे ठळक टप्पे. दर टप्प्यात भिवविणारे बदलले, भिणारेही बदलले. जमीन, सरकारी नोकरी आणि कचेरीत मिळणारी वागणूक हे तंट्याचे मूळ मात्र फारसे हलले नाही.

हैदराबाद संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी परभणी हा एक, आणि आजच्यापेक्षा बराच मोठा. हिंगोली, वसमत, कळमनुरी हा भाग १९९९ पर्यंत परभणीतच होता आणि १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका तिकडे गेला. उत्तरेकडे पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी मुलूख. ही सरहद्द पुढे फार कामाची ठरली.

संस्थानाची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे १ कोटी ६३ लाख होती. त्यात मुसलमान आठात एकाच्या आसपास, पण वरच्या सरकारी नोकऱ्यांत त्यांचे प्रमाण फार मोठे. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुळाला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १९२० च्या दशकातील ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने सभा घ्यायला आधी परवानगी घेणे भाग पाडले. त्यामुळे राजकारण वाचनालये, खासगी शाळा, गणेशोत्सव आणि आर्य समाजाचे उत्सव यांच्या आडोशाने वाढले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले. तिचे ठराव नेमस्त होते: मातृभाषेतून शिक्षण, जबाबदार राज्यपद्धती. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या बेतात असताना सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९४६ पर्यंत उठवली नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. गावात सरकारची वसुली करणारे पाटील, पटवारी, देशमुख आणि कर्ज देणारे सावकार बहुधा हिंदूच होते, आणि विणकर, पिंजारी, शेतमजूर मुसलमान दरिद्रीच होते. राज्य ‘आपले’ असूनही त्यांच्या पदरात काही पडत नव्हते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने नेमक्या याच माणसाला हाताशी धरले. १९२७ मध्ये स्थापन झालेली ही संघटना आरंभी धार्मिक-सामाजिक स्वरूपाची होती. १९३८ मध्ये बहादूर यार जंग अध्यक्ष झाल्यावर तिने एक सिद्धांत पुढे आणला: संस्थानचा राजा एकटा निजाम नाही, प्रत्येक मुसलमान त्या राजेपणाचा भागीदार आहे. पिंजाऱ्याला राजेपण मिळाले आणि त्याबरोबर ते जाण्याची धास्तीही मिळाली. १९३९ च्या सुधारणा योजनेत नियोजित कायदेमंडळात हिंदू आणि मुसलमान यांना सारख्या जागा देऊ केल्या गेल्या, त्यामागे हीच धास्ती होती. बहुमताचे राज्य म्हणजे आपला अंत, हे समीकरण एकदा डोक्यात बसले की पुढचे काम सोपे होते.

ते पुढचे काम कासीम रझवीने केले. लातूरचा हा वकील १९४६ मध्ये मजलिसचा अध्यक्ष झाला आणि रझाकार हे तिचे निमलष्करी दल त्याने झपाट्याने वाढवले. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा आसफजाही झेंडा फडकवण्याची त्याची भाषा ऐकून हैदराबादेत टाळ्या पडत. तीच भाषा हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत छापून आली की लष्करी कारवाईची मागणी वाढे. निजामाचे जेवढे नुकसान रझवीच्या जिभेने केले तेवढे त्याच्या विरोधकांनाही जमले नसेल.

फाळणीनंतर परभणी जिल्ह्याची सरहद्द दोन्ही बाजूंनी वाहू लागली. मध्य प्रांत-वऱ्हाड आणि त्यापलीकडून घाबरलेली मुसलमान कुटुंबे संस्थानात येत आणि तिकडच्या कत्तलींच्या हकिकती सांगत. रझाकारांच्या भरतीला यापेक्षा मोठा प्रचार लागत नव्हता. उलट दिशेने हिंगोली, कळमनुरी, जिंतूरकडची हिंदू कुटुंबे वाशीम, पुसद, उमरखेडकडे जात आणि रझाकारांच्या हकिकती सांगत. दोन्हीकडच्या हकिकतींत खरे बरेच होते. त्या वापरणाऱ्यांनी त्यातून एवढेच गाळले की पलीकडेही कोणी पळत आहे. वऱ्हाडच्या कडेला स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. तिथून येऊन करोडगिरी नाके जाळणे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करणे, शिंदीची झाडे तोडून अबकारी उत्पन्न बुडवणे हे कार्यक्रम चालत. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

रझाकारांची दहशत गावात कशी चाले याचे वर्णन १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. गावावर आणि शहरावर महिन्याची रक्कम बसवली जाई. ती निमूट दिली तर सहसा पुढे त्रास होत नसे. नकार आला की लूट, आणि प्रतिकार झाला की जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. म्हणजे दहशतीला दरपत्रक होते. जाळलेले एक गाव आसपासच्या गावांची वसुली आपोआप करून देई. ज्या पोलिसांकडे तक्रार करायची ते बघत उभे असत किंवा सामील असत, त्यामुळे दहशतीचा खर्चही फारसा नव्हता.

दलितांना या राजकारणात दोन्हीकडून ओढले गेले. मजलिसने त्यांच्यात धर्मांतराची मोहीम चालवली, निजाम सरकारने त्यांच्यासाठी निधी काढला, काहींना परंपोक (सरकारी पडीक) आणि गायरान जमिनी दिल्या; उलट बाजूने आर्य समाजाची शुद्धी, म्हणजे पुन्हा हिंदू करून घेण्याची मोहीम, होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर पत्रक काढून हैदराबादच्या दलितांनी निजामाची बाजू घेऊ नये असे बजावले. तरीही ‘हे रझाकारांचे’ हा शिक्का काही गावांत त्यांच्यावर बसला, आणि त्या गायरानांचा हिशेब पुढे चुकता करण्यात आला.

रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे अशी भूमिका घेतली. २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत त्यांचा खून झाला. त्यांच्या नावाची आठवण मराठवाड्यात मुक्तिदिनाच्या भाषणांत फार क्वचित निघते. निघाली तर भाषणाची सोपी मांडणी बिघडते.

भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानात शिरले (या कारवाईलाच ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात) आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि तो पाळण्यासारखाच आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत भीतीने बाजू बदलली. नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा करून अहवाल लिहिला. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे, बहुतेक मुसलमान, मारली गेली असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे तिने नोंदले; त्यानंतर औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक. परभणीचे नाव या आठांत नाही, तरी ते नांदेड, बीड आणि औरंगाबाद यांच्या मधोमध आहे, आणि बातमी जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही. समितीने दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: लुटीत काही ठिकाणी लष्कराची आणि पोलिसांची माणसे सामील होती, आणि काही ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. मारले गेलेले बहुसंख्य लोक रझाकार नव्हते. खरे रझाकार पुढारी आधीच पळाले किंवा पकडले गेले होते. कासीम रझवी १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला.

सरकारने हा अहवाल दडपून ठेवला. अभ्यासकांना तो २०१३ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात उघडपणे पाहता येऊ लागला. पासष्ट वर्षांच्या या झाकपाकीचा हेतू कदाचित जखम चिघळू नये हा असेल. परिणाम उलटा झाला. एका घरात रझाकारांच्या गोष्टी सांगितल्या जात राहिल्या, दुसऱ्या घरात पोलीस अ‍ॅक्शनच्या, आणि दोन्ही गोष्टी एकाच पानावर कधी आल्या नाहीत. पुढे ज्याला हव्या त्याने हवी ती उचलली.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे परभणीच्या राजकारणात काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष यांची झुंज होती. भांडणाचे विषय पाणी, कापूस, मीटरगेज रेल्वे, दुष्काळ. परभणीत कृषी विद्यापीठ आले तेही १९७२ मध्ये, आंदोलनानंतर. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मागासलेपणाची ही चीड खरी होती आणि तिचा रोख मुंबईकडे होता. चार वर्षांत तो गावकुसाबाहेर वळला.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. शरद पवार यांच्या सरकारला जेमतेम आठवडा झाला होता. ठरावाची बातमी पोहोचताच औरंगाबादेत बंद सुरू झाला, आणि काही दिवसांत हिंसा नांदेड-परभणीच्या खेड्यांत पसरली. या दोन जिल्ह्यांनी सर्वांत जास्त सोसले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांचा खून झाला. रस्ते, पूल, एसटी गाड्या आणि तारा हे पहिले लक्ष्य होते. वाटा बंद झाल्या की पोलीस येत नाहीत, मग बौद्ध वस्त्यांवर जाता येते. घरे जळाली, धान्य मातीत मिसळले गेले, माणसे रानात किंवा शहरात पळाली. जिथे आग लागली नाही तिथे बहिष्कार आला: विहीर बंद, दुकान बंद, गिरणी बंद, काम बंद. महिना श्रावणाचा. निंदणी-खुरपणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला तोंडावर आलेल्या दोन महिन्यांत काम नाकारणे म्हणजे काय, हे खेड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

विद्यापीठाच्या पाटीसाठी, ज्यांच्या घरात कोणी कॉलेजात गेलेले नाही असे लोक शेजाऱ्याचे घर का जाळतात? याचे उत्तर पाटीत नाहीच. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयातून शिकलेली बौद्ध मुले आता तहसीलीत, शाळेत, बँकेत दिसत होती. मेलेली ढोरे ओढणे, गावकीची कामे करणे वस्त्यांनी सोडले होते. गायरानावरच्या कसणुकीचा वाद निजामाच्या वेळेपासून चिघळत होता आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी तो कागदावर आणला होता. सवर्ण कुटुंबातील बेकार पदवीधराला सांगितले गेले की तुझी नोकरी राखीव जागेने खाल्ली. शेतकऱ्याला सांगितले गेले की उद्या गायरान जाईल, मग गुरे कुठे चारशील. नोकऱ्या मुळातच का नाहीत, हा १९७४ चा प्रश्न कोणी विचारेना. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ आणि अनंत भालेराव यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातले तपस्वी लोकही होते. त्यांचा मुद्दा प्रादेशिक अस्मितेचा होता आणि हिंसेशी त्यांचे नाते नव्हते. पण त्यांच्या शब्दांची प्रतिष्ठा रॉकेलचे डबे उचलणाऱ्यांना फुकटात मिळाली.

अस्मितेचा मुद्दा तपासायला परभणीतच एक दाखला आहे. तिथल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव जोडले गेले. एक एसटी फुटली नाही.

दंगलीचा हेतू साधला. ठराव थंड्या बस्त्यात गेला आणि १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला, तोही मोठ्या बंदोबस्तात. राजकारण करणाऱ्यांनी यातून धडा घेतला तो असा की भीती दाखवली तर विधिमंडळाचा एकमताचा ठरावही थांबतो.

१९८५ नंतर मुंबई-ठाण्याबाहेर पडलेल्या शिवसेनेला मराठवाड्यात ही जमीन नांगरून ठेवलेली मिळाली. पक्षाने नामांतराला विरोध केला, रझाकारांची आठवण ताजी केली आणि काँग्रेसच्या जुन्या घराण्यांनी दारात उभे न केलेल्या तरुणांना शाखेचा फलक आणि पद दिले. शेवटची गोष्ट टीकाकार विसरतात. नुसत्या द्वेषावर पक्ष एवढा टिकत नाही. १९८९ मध्ये अशोकराव देशमुख परभणीतून शिवसेनेच्या पाठिंब्यावर लोकसभेवर गेले, १९९१ मध्ये पक्षाच्या चिन्हावर. तेव्हापासून १९९८ चा अपवाद वगळता ही जागा शिवसेनेकडेच राहिली. औरंगाबाद-परभणीच्या प्रचारात ‘खान हवा की बाण’ ही घोषणा पिढीभर चालली; बाण म्हणजे पक्षाचे धनुष्यबाण चिन्ह. यमक सोपे, पर्याय दोनच. कापसाचा भाव, जायकवाडीचे पाणी, बंद पडलेला कारखाना यांना त्या घोषणेत शिरायला जागा नव्हती, आणि उमेदवाराला पाच वर्षांचा हिशेबही द्यावा लागत नव्हता. धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल शिवसेनेने जिंकलेल्या १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीचा निकाल उच्च न्यायालयाने रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय ११ डिसेंबर १९९५ रोजी कायम केला आणि पक्षप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. तोवर पक्ष राज्यात सत्तेवर आला होता.

घोषणांच्या पुढची पायरीही जिल्ह्याने पाहिली. २१ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारी, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. २७ ऑगस्ट २००४ रोजी, पुन्हा शुक्रवारी, पूर्णा आणि जालना इथे मशिदींवर हल्ले झाले. नांदेडमध्ये एप्रिल २००६ मध्ये एका घरात बॉम्ब फुटून दोघे मेले, तेव्हा तपासाने या घटनांची साखळी जोडली. न्यायालयात ती टिकली नाही. आरोपी निर्दोष सुटले. २००३ च्या स्फोटानंतर परभणीत तणाव पसरला, पण मोठी दंगल पेटली नाही. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात सगळ्या जातिधर्मांची दुकाने लागणाऱ्या या शहरात रोजचा व्यवहार अजून पुरता तुटलेला नव्हता, हे त्याचे एक कारण मानता येईल.

शिवसेना फुटल्यावर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चित्र असे पालटले की ‘बाण’ गमावलेल्या उद्धव ठाकरे गटाचे संजय जाधव मशाल घेऊन उभे राहिले आणि मुसलमान मतदार मोठ्या प्रमाणात त्यांच्यामागे गेले. समोर ओबीसी नेते महादेव जानकर. मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे या वेळी लढत मराठा विरुद्ध ओबीसी अशी लावली गेली होती. एका बाजूला आरक्षणावाचून पोरे उपाशी मरतील ही भीती, दुसऱ्या बाजूला ताटातले जाईल ही भीती. आणि दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून निजामाच्या काळचे दप्तर, कुणबी नोंदी, हैदराबाद गॅझेट. त्याच वर्षीच्या विधानसभा प्रचारात ‘व्होट जिहाद’ आणि ‘बटेंगे तो कटेंगे’ या घोषणा आल्या, रझाकारांचे नाव पुन्हा व्यासपीठावरून घेतले गेले.

निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत, १० डिसेंबर २०२४ रोजी, परभणी रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकर पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसाने तोडफोड केली. लोकांनी त्याला पकडून पोलिसांच्या हवाली केले. बांगलादेशातील हिंदूंवरील अत्याचारांच्या निषेधाचा मोर्चा त्याच दिवशी शहरात निघाला होता, त्यामुळे दोन घटना एकमेकींना जोडणाऱ्या बातम्या वाऱ्यासारख्या पसरल्या. ११ तारखेच्या बंदमध्ये दगडफेक आणि जाळपोळ झाली, इंटरनेट बंद झाले, जमावबंदी लागली. त्यानंतर पोलिसांनी दलित वस्त्यांत शिरून धरपकड केली. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत मारहाणीचा पुरावा नसल्याचे सांगितले आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैला हस्तक्षेप करायला नकार दिला.